तरंगंबाडी: तंजावरच्या वाटेवरचं मिशनगाव

तमिळनाडूच्या किनाऱ्यावर, कारैकालच्या थोडं उत्तरेला तरंगंबाडी नावाचं एक लहानसं गाव आहे. नावाचा अर्थ 'गाणाऱ्या लाटांची जागा' असा लावतात. युरोपीय लोकांच्या जिभेवर त्याचं ट्रँकेबार झालं. जुन्या वेशीतून शिरलं की सरळ एक रस्ता समुद्रापर्यंत जातो. त्याच्या दोन्ही बाजूंना चर्च, कौलारू बंगले, शाळा आणि शेवटी किल्ला. पायी फिरलात तर तासाभरात गाव संपतं.

तंजावरला जाणारी मराठी मंडळी बृहदीश्वराचं देऊळ बघतात, सरस्वती महालातली हस्तलिखितं बघतात, भोसल्यांच्या दरबारात फोटो काढतात आणि परततात. तिथून शंभरेक किलोमीटरवरचं तरंगंबाडी कुणाच्याच यादीत नसतं. माझं मत असं की, तंजावरच्या मराठी राज्याची शेवटची पन्नास वर्षं या गावाला वगळून नीट कळत नाहीत. दुसरं म्हणजे, 'मिशनरी' हा शब्द उच्चारला की आपल्याकडे दोनच बाजू उभ्या राहतात. एकीला ते फक्त धर्मांतर करणारे दिसतात, दुसरीला फक्त सेवा करणारे. तरंगंबाडीची कागदपत्रं वाचताना दोन्ही बाजू अपुऱ्या पडतात.

डेन्मार्कचा अॅडमिरल ओवे गेद्दे १६२० मध्ये इथं उतरला. खरं तर तो निघाला होता सिलोनसाठी. तिथं डाळ शिजली नाही म्हणून त्यानं कोरोमंडलचा किनारा धरला. त्या वेळी तंजावरवर रघुनाथ नायकाचं राज्य होतं. त्यानं डॅनिश लोकांना मासेमारांचं हे गाव आणि व्यापाराचा परवाना दिला, बदल्यात वार्षिक नजराणा ठरला. नायकाचं सोन्याच्या पत्र्यावरचं पत्र आजही कोपनहेगनला जपून ठेवलेलं आहे. मग समुद्राला लागून डॅन्सबोर्ग किल्ला उभा राहिला. मिरीचा व्यापार करायचा, हा मूळ हेतू.

व्यापार मात्र फारसा जमला नाही. १६३९ नंतर जवळपास तीस वर्षं डेन्मार्कहून एकही जहाज निघालं नाही. किल्ल्यातली माणसं एकेक करून मरत गेली. शेवटी एस्किल्ड कोंग्सबाके नावाच्या एका साध्या माणसानं, राजाकडून कुठलाही हुकूम नसताना, किल्ला सांभाळला. गंमत अशी की याच दिवाळखोर कोठीनं १६४२ मध्ये बंगालच्या मुघल सत्तेविरुद्ध चक्क युद्ध पुकारलं. म्हणजे बंगालच्या उपसागरात व्यापाऱ्यांची जहाजं अडवून लुटायची आणि त्याला युद्ध म्हणायचं. शाहजहानच्या दरबारात या युद्धाची किती दखल घेतली गेली असेल, याची कल्पना केलेली बरी.

१६७५च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ एकोजीराजे यांनी तंजावर घेतलं आणि डॅनिश कोठीचे मालक मराठी भोसले झाले. नजराणा आता त्यांच्याकडे जाऊ लागला. संबंध नेहमीच गोडीचे होते असं नाही. १६९९ मध्ये तंजावरच्या फौजेनं तरंगंबाडीला वेढा घातला होता. पण कोठी टिकली आणि तिच्यासोबत गावही.

मिशनची गोष्ट सुरू होते ९ जुलै १७०६ रोजी. डेन्मार्कच्या राजाला, चौथ्या फ्रेडरिकला, आपल्या वसाहतीत धर्मप्रचारक पाठवायचे होते. देशात कुणी तयार होईना, म्हणून जर्मनीतून दोन तरुण मिळवले गेले, बार्थोलोमॉस झिगेनबाल्ग आणि हाइनरिख प्ल्युत्शाव. दोघंही हाले इथल्या पायटिस्ट चळवळीतले. पायटिस्ट म्हणजे चर्चच्या डामडौलापेक्षा वैयक्तिक भक्ती आणि शिक्षणावर भर देणारे प्रोटेस्टंट. झिगेनबाल्ग उतरला तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याला चोवीस वर्षं पूर्ण होणार होती.

कंपनीच्या अधिकाऱ्यांना हे पाहुणे नकोच होते. राजाचे पाद्री आले की कोठीतल्या भानगडी राजाच्या कानावर जाणार, ही भीती. राहायची सोयही धड कुणी केली नाही. झिगेनबाल्गनं मग तमिळ शिकायला घेतली. व्याकरणाचं पुस्तक नाही, कोश नाही. त्यानं एका तमिळ पंतोजीला आपल्या घरातच शाळा भरवायला सांगितलं आणि लहान मुलांच्या शेजारी मांडी घालून बसला. मुलं वाळूत बोटानं अक्षरं काढायची, तोही काढायचा. आपल्याकडे ज्याला धुळाक्षरं म्हणतात, तीच. वर्षभरात तो तमिळमध्ये बोलू लागला. दोन वर्षांत त्यानं शंभराहून अधिक तमिळ ताडपत्रं गोळा करून त्यांची सूचीही तयार केली. या कामात अळगप्पन नावाच्या दुभाष्याची मदत त्याला झाली. पुढं कंपनीनं त्या दुभाष्याला त्याची शिक्षा म्हणून गावाबाहेर काढलं. इतिहासात पाद्र्याचं नाव मोठ्या अक्षरात आहे, दुभाष्याचं तळटीपेत.

१७०७ मध्ये पहिला बाप्तिस्मा झाला तो पाच जणांचा. हे पाचही जण डॅनिश घरांमधले गुलाम होते. मिशनच्या इतिहासात हा क्षण विजयाचा म्हणून सांगतात. मला त्यात तरंगंबाडीच्या बाजारात माणसंही विकली जात होती, ही गोष्ट आधी दिसते. याच वर्षी मिशननं मुलींची शाळा काढली. सावित्रीबाईंच्या शाळेच्या एकशे चाळीस वर्षं आधी. दोन्ही नोंदी एकाच वहीतल्या आहेत.

पुढच्या वर्षी झिगेनबाल्ग तुरुंगात गेला. एका तमिळ न्हाव्याच्या विधवेचा कर्जाचा तंटा होता आणि समोर कंपनीचा माणूस. पाद्र्यानं विधवेची बाजू घेतली. गव्हर्नर हासियसनं त्याला डॅन्सबोर्गच्या कोठडीत टाकलं, चार महिने. आज किल्ल्यात फिरताना खालच्या बाजूच्या कोंदट खोल्या दिसतात. एका ख्रिस्ती गव्हर्नरनं ख्रिस्ती पाद्र्याला हिंदू विधवेच्या पैशांवरून कैद केलं, हे वाक्य धर्माच्या चौकटीतून इतिहास वाचणाऱ्यांना जरा अडचणीचं आहे.

छापखान्याची कथा मला सर्वांत जवळची वाटते. १७१२ मध्ये लंडनच्या एका ख्रिस्ती संस्थेनं यंत्र पाठवलं. वाटेत फ्रेंचांनी जहाज पकडलं, छापणारा कारागीर प्रवासातच वारला, पण यंत्र पोहोचलं. तमिळ खिळे हालेहून ओतून आले. ते इतके मोठे निघाले की कागद पुरेना. मग इथंच लहान खिळे ओतले. इंग्लंडहून चीज ज्या शिशाच्या डब्यांतून यायचं, ते डबे वितळवून खिळे केले असं सांगतात. कागदासाठी शेजारच्या पोरैयारला कागदाची गिरणी काढली. १७१५ मध्ये तमिळ नवा करार छापून पूर्ण झाला.

तमिळ लिपीतली छपाई याआधीही झाली होती. पोर्तुगीज जेझुइटांनी १५७८ मध्ये कोल्लमला तमिळ पुस्तक छापलं होतं. पण ती परंपरा पुढं खंडित झाली. मराठीशी ताडून पाहा. फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात छापलं गेलं, पण रोमन अक्षरांत. पूर्ण मराठी पुस्तक देवनागरी खिळ्यांनी छापलं जायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं. ते घडलं दोन ठिकाणी, बंगालमधल्या श्रीरामपूरला आणि तंजावरला. या दोन्ही ठिकाणांचा धागा तरंगंबाडीशी जुळतो, त्याकडे येतोच.

त्याआधी झिगेनबाल्गच्या एका पुस्तकाबद्दल सांगायला हवं. लोकांचा धर्म बदलायचा तर आधी तो कळला पाहिजे म्हणून त्यानं दक्षिणेतल्या देवदेवतांची सविस्तर वंशावळ लिहिली. शिव, विष्णूपासून ते ऐय्यनार, मारियम्मन अशा गावदेवतांपर्यंत. १७१३ मध्ये हस्तलिखित हालेला पाठवलं. तिकडचे गुरू फ्रांके नाराज झाले. मूर्तिपूजा उखडून टाकायला पाठवलेल्या माणसानं तीच युरोपात पसरवावी काय, असा त्यांचा सूर होता. पुस्तक दप्तरात पडून राहिलं आणि १८६७ मध्ये मद्रासला छापलं गेलं, लेखकाच्या मृत्यूनंतर जवळपास दीडशे वर्षांनी. त्याच काळात तरंगंबाडीच्या पाद्र्यांनी तमिळ लोकांना प्रश्न पाठवून लेखी उत्तरं मागवली होती. ती पत्रं जर्मनमध्ये छापली गेली. त्यांत लोकांनी स्पष्ट लिहिलंय की तुमचे ख्रिस्ती दारू पितात, गाय खातात, अंघोळीची पर्वा करत नाहीत, मग तुमचा धर्म आमच्यापेक्षा चांगला कसा? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला सामान्य तमिळ माणूस युरोपीय माणसाबद्दल काय विचार करत होता, हे सांगणारं इतकं मोकळं साधन दुसरं सहसा मिळत नाही. झिगेनबाल्गचे वाद ब्राह्मणांशी झाले, मुसलमानांशीही झाले. तेही त्यानं लिहून ठेवलेत.

१७१८ मध्ये त्यानं बांधलेलं न्यू जेरुसलेम चर्च किंग्ज स्ट्रीटवर उभं आहे. वर्षभरात, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी तो गेला आणि तिथंच पुरला गेला. चर्च क्रुसाच्या आकाराचं आहे. त्या आकाराचा उपयोग जातीजातींना वेगळं बसवायला झाला, वेल्लाळ एका बाजूला आणि परैयर दुसऱ्या बाजूला. १७३३ मध्ये आरोन या वेल्लाळ धर्मगुरूची नेमणूक झाली. तो भारतातला पहिला देशी प्रोटेस्टंट पाद्री. राजनायकन हा त्याच्याइतकाच नावाजलेला प्रचारक होता, पण परैयर होता. त्याच्या हातून प्रभुभोजन घ्यायला वेल्लाळ तयार नव्हते, म्हणून त्याला पाद्रीपद मिळालं नाही. धर्म बदलला की जात जाते असं समजणाऱ्यांनी हे प्रकरण वाचावं. आम्हा मुसलमानांना तर हे सांगायची गरज नाही. अशराफ, अजलाफचे हिशेब आमच्याही घरात आहेत.

तरंगंबाडी आणि मराठी दरबार यांना जोडणारा माणूस म्हणजे ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ. तो १७५० मध्ये तरंगंबाडीला आला. तमिळ, पोर्तुगीज, फारसी, हिंदुस्तानी आणि पुढं मराठीही शिकला. आधी तिरुचिरापल्ली आणि मग तंजावर हे त्याचं कार्यक्षेत्र झालं.

१७७९ मध्ये मद्रासच्या इंग्रजांना हैदर अलीच्या मनात काय चाललंय ते जाणून घ्यायचं होतं. इंग्रज वकिलांवर हैदरचा विश्वास नव्हता. त्यानं श्वार्ट्झलाच पाठवा म्हणून सांगितलं, तो फसवणार नाही म्हणून. श्वार्ट्झ श्रीरंगपट्टणला गेला, दुभाष्याशिवाय हैदरशी बोलला. त्यानं लिहून ठेवलेलं दरबाराचं वर्णन प्रसिद्ध आहे. निरक्षर असलेला हा राजा एकाचं पत्र ऐकतो, दुसऱ्याला उत्तर सांगतो, तिसऱ्याचा हिशेब तपासतो आणि काहीही विसरत नाही, असं एका पाद्र्यानं कौतुकानं नोंदवलंय. निघताना हैदरनं प्रवासखर्चाची थैली दिली. ती त्यानं मद्रास सरकारपुढं ठेवली आणि सरकारनं परत केल्यावर गरीब मुलांच्या शाळेला लावली. पुढच्याच वर्षी युद्ध पेटलं. तेव्हा या म्हाताऱ्याला हात लावू नका, असा हुकूम हैदरनं आपल्या फौजेला दिला होता. टिपू-हैदर म्हणजे ख्रिश्चनांचे वैरी एवढंच ऐकलेल्यांना ही गोष्ट कुणी सांगत नाही.

तंजावरचे तुळजाजीराजे १७८७ मध्ये वारले. मरण्याआधी त्यांनी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजीला श्वार्ट्झच्या हाती सोपवलं. गादीवर अमरसिंह बसले आणि मुलाचे हाल सुरू झाले. श्वार्ट्झनं मद्रासला खटपट केली, मुलाला संरक्षण मिळवलं, शिकवलं. १७९३ मध्ये त्याला मद्रासला नेलं गेलं आणि १७९८ मध्ये तो राजा झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला होता.

इथं एक गोष्ट लपवून चालणार नाही. ज्या इंग्रजांनी सरफोजीला गादी दिली, त्यांनीच १७९९च्या तहानं राज्याचा कारभार काढून घेतला. राजाकडे उरला तंजावरचा किल्ला, पेन्शन आणि मोकळा वेळ. पाद्र्याची माया खरी होती आणि तिचा कंपनीला फायदा झाला, हेही खरं. या दोन गोष्टी मला वेगळ्या करता आल्या नाहीत.

त्या मोकळ्या वेळाचं सरफोजीनं जे केलं ते मराठी माणसाला माहीत आहे ते सरस्वती महालापुरतं. पण त्यानं राजवाड्यात देवनागरी छापखानाही काढला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिथून इसापच्या गोष्टींचं मराठी भाषांतर 'बालबोध मुक्तावली' बाहेर पडलं. ओरत्तनाडच्या छत्रात त्यानं चालवलेल्या शाळेत मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत, इंग्रजी आणि फारसी शिकवली जाई. त्यानं दवाखाना चालवला, डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी ठेवल्या. तरंगंबाडीच्या डॉक्टर जॉन या पाद्र्याशी, जो शंखशिंपले आणि वनस्पती गोळा करणारा निसर्गअभ्यासकही होता, त्याचा पत्रव्यवहार होता. आणि हा राजा शेवटपर्यंत शिवभक्तच राहिला, काशीयात्राही करून आला.

त्याचा बालमित्र वेदनायगम शास्त्रियार हा तमिळ ख्रिस्ती कवी. दोघंही श्वार्ट्झचे विद्यार्थी. वेदनायगम तरंगंबाडीला डॉक्टर जॉनकडेही शिकला. त्यानं 'बेथलेहेम कुरवंजी' लिहिली. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात कुरव जमातीची भविष्य सांगणारी बाई येते, आपला मुलूख वर्णन करते. वेदनायगमनं तिच्या तोंडी नवं भूगोल-खगोलाचं ज्ञान घातलं. सरफोजीच्या नावावर 'देवेंद्र कुरवंजी' हे मराठी नाटक आहे आणि त्यातली कुरवंजीही जगाचा भूगोल सांगते, खंडांसकट, देशांसकट. मिशनच्या शाळेत शिकलेलं विज्ञान, तमिळ फिरस्त्या बाईच्या तोंडून, मराठी भाषेत, इंद्राच्या नावानं! मराठी नाटकाच्या इतिहासात या संहितेला मिळते त्याहून मोठी जागा मिळायला हवी.

श्रीरामपूरचा धागा राहिला. बंगालमधलं श्रीरामपूरही डॅनिशांचं होतं. इंग्रज कंपनी आपल्या मुलखात मिशनरींना थारा देत नव्हती, म्हणून विल्यम केरी १८०० मध्ये डॅनिश झेंड्याखाली तिथं गेला. त्याचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांत निघालं, कोश १८१० मध्ये मोडीत. १८४५ मध्ये डेन्मार्कनं तरंगंबाडी आणि श्रीरामपूर दोन्ही साडेबारा लाख रुपयांना इंग्रजांना विकून टाकली. श्रीरामपूर कलकत्त्याच्या कुशीत शहर झालं. तरंगंबाडीचं बंदर नागपट्टिनमपुढं मागं पडलं आणि गाव जिथल्या तिथं थांबलं.

आज काय बघाल? १७९२ ची वेस, तिच्यावरचं डॅनिश राजचिन्ह. १७०१ चं झायन चर्च आणि त्यासमोरचं न्यू जेरुसलेम. डॅन्सबोर्गमधलं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय. झिगेनबाल्गच्या घरात आता संग्रहालय केलंय, तिथं छापखान्याची माहिती मिळते. जुन्या बंगल्यातलं एक हॉटेल आहे, पण खिशाला जरा जड. मासिलामणी नाथर देवळाचा पुढचा भाग समुद्रानं कधीच गिळलाय. दगडांची भिंत घालून उरलेलं राखलंय. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत इथल्या मच्छीमार वस्तीतली शेकडो माणसं गेली. किल्ला आणि चर्चच्या दुरुस्तीवर लिहिणारे त्या वस्तीबद्दल सहसा एक ओळ लिहितात. वस्ती किल्ल्याला लागूनच आहे, तिकडेही पाय वळवावेत. गावात मशीद आहे, मुसलमान मोहल्ला आहे.

उन्हाळा टाळावा. रेल्वेनं मयिलाडुदुरैला उतरून बस मिळते. परतीला दक्षिणेकडे निघालात तर कारैकाल ओलांडून नागूरला थांबा. सोळाव्या शतकातले सूफी शाहुल हमीद यांचा तिथं दर्गा आहे, पाच मिनारांचा. त्यातला सर्वांत उंच मिनार, १३१ फुटांचा, तंजावरच्या प्रतापसिंह भोसल्यांनी बांधून दिला. तुळजाजीचे वडील ते. आणि तंजावरला परत गेलात तर शिवगंगा किल्ल्यातल्या छोट्या चर्चमध्ये जा. सरफोजीनं लंडनच्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतलेला संगमरवरी पट तिथं आहे. श्वार्ट्झ मरणशय्येवर पडलाय आणि मराठी राजा त्याचा हात धरून उभा आहे. खालच्या इंग्रजी ओळी राजानं स्वतः रचल्या आहेत.